कोरडी लाही

बस त्या खोऱ्यात शिरली तेव्हा माझ्या शेजारी बर्वेबाई लाह्यांचा चिवडा खात होत्या. खिडकीबाहेर स्वित्झर्लंड आणि कानाशी कुरुम कुरुम. बर्वेबाई म्हणजे या सहलीतली माझ्या खोलीची जोडीदार. राहायला पुण्याजवळ सूसला, सोसायटीत अकराव्या मजल्यावर. त्या एकट्या, मी एकटी, म्हणून सहलवाल्यांनी आम्हा दोघींना एका खोलीत टाकलं होतं. बाई मनानं चांगल्या, पण त्यांचं तोंड कधी रिकामं नसतं. बोलत तरी असतं, नाहीतर चावत तरी.

"घ्या की थोडा," त्यांनी पुडा पुढे केला.

"नको."

"अहो, लाह्याच आहेत. पोटाला हलक्या."

"लाह्या मी खात नाही."

"पथ्य आहे का?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं आणि बाहेर बघायला लागले.

बाहेर दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती होत्या आणि त्यांच्यावरून ठिकठिकाणी पाणी सुटलं होतं. आमची सहलप्रमुख सायली ध्वनिक्षेपकावरून सांगत होती, की हे धबधब्यांचं खोरं, सगळ्यांनी रेनकोट घाला, आधी पायथ्याशी फोटो काढू आणि मग रोपवेच्या पाळण्यात बसून वर माथ्यावर जाऊ. बस हरखली. बर्वेबाईंनी चिवड्याला रबर लावलं, गुलाबी स्कार्फ डोक्याला बांधला आणि मला कोपरखळी मारली.

"तुम्ही मुळशीच्या ना? तुम्हाला काय त्याचं कौतुक! आम्ही पावसाळ्यात दर रविवारी तिकडेच धबधबे बघायला येतो. आमचा मुलगा हिंजवडीला असतो, त्याची सगळी मित्रमंडळी असतात. काय ती ताम्हिणीची गर्दी! भजी, कणसं, गाण्यांचा दणदणाट."

मी हसले. आमच्या लहानपणी धबधबा बघायला कुणी येत नसे. खरं तर धबधबा हा शब्दच आमच्या वाडीत नव्हता. आम्ही 'धार' म्हणायचो. आणि धारेवर माणूस मजा करायला जात नसे. आपली लेक खुशाल आहे की नाही, हे विचारायला जात असे.

आमची वाडी मुळशीच्या पार पश्चिमेच्या टोकाला, जिथे देश संपतो. धरणाचं पाणी मागे टाकून दिवसभर चालत राहिलं की आमची वाडी यायची. वाडीच्या पलीकडे अर्ध्या मैलावर जमीन एकदम थांबायची. खाली कोकण. आमचा ओढा भातखाचरांमधून वाकडातिकडा येत येत त्या कड्यापाशी पोचायचा आणि मागेपुढे न बघता उडी टाकायचा. तीच धार.

उन्हाळ्यात कड्याच्या एका घळीतून खाली उतरायची वाट होती. सकाळी निघालं की दुपारी खालच्या गावात. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. तांदूळ, हिरडे खाली जायचे. लेकीही जायच्या. वरच्या मुली खाली द्यायच्या, खालच्या वर आणायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. पण आषाढ लागला की वाटेचा ओढा व्हायचा, दगड सुटायचे, आणि ती वाट दसऱ्यापर्यंत बंद. मग खालच्या माणसांशी बोलणं नाही, भेट नाही. पावसाचा, बेडकांचा आणि रात्रंदिवस त्या धारेचा आवाज तेवढा. घरात सगळीकडे ओल्या घोंगडीचा वास भरलेला असायचा. गोठ्यातल्या धुराचा, शेणाचा, भिजलेल्या गवताचा वास त्यातच मिसळलेला. इतक्या वर्षांनी अजून कधी पावसात लोकरीचं काही भिजलं की मी तिथे जाऊन पोचते.

पंचमीला सगळ्यांच्या लेकी माहेरी यायच्या. कुणी पौडवरून, कुणी शेजारच्या वाडीवरून, इरली पांघरून, चिखल तुडवत. झाडाला झोके बांधले जायचे. फक्त तळात, म्हणजे खाली कोकणात, दिलेल्या लेकी येऊ शकत नसत. त्या लेकींच्या आयांसाठी आमच्याकडे एक वेगळाच विधी होता. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, चार पुस्तकं वाचली, पण असला विधी मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळाला नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी साळीच्या लाह्या फोडायच्या. चुलीवर खापरात वाळू तापवायची आणि त्यात मूठभर साळ टाकायची. तडतड तडतड, आणि घरभर तो भाजका, गोडसर वास. मी चुलीच्या इतकी जवळ बसायचे की एखादी लाही गालाला चटका देऊन जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, सण करून झाल्यावर, या आया सुपलीत लाह्या आणि हळदकुंकू घेऊन कड्यावर जायच्या. ओढा जिथून उडी टाकतो तिथल्या कातळावर बसायचं. लेकीचं नाव घ्यायचं. पाण्यात हळदकुंकू सोडायचं आणि लाह्या ओंजळीनं कड्याबाहेर टाकायच्या. मग डोळे मिटून, पदर पसरून गप्प बसायचं.

श्रावणात कोकणातून वारा येतो तो त्या कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो. धारेचं पाणी खाली जायच्या ऐवजी फवारा होऊन माघारी अंगावर येतं. टाकलेल्या लाह्याही तशाच माघारी यायच्या. भिजून मऊ झालेल्या, गालाला चिकटणाऱ्या. पदरात पडलेली एक लाही डोळे न उघडता तोंडात टाकायची. ती लेकीनं पाठवलेली. लेक खुशाल आहे, तिनं माहेराला वाण धाडलं, असा त्याचा अर्थ. मग त्या आया डोळे पुसत, एकमेकींची थट्टा करत घरी यायच्या.

लाह्या माघारी आल्या नाहीत तर काय समजायचं, याचा नियमच नव्हता. कारण वारा नाही, असं कधी झालंच नव्हतं.

माझी आक्का, शेवंता, तळात दिली तेव्हा मी पहिलीत होते. ती सोळाची. आमच्या दोघींच्या मधली दोन भावंडं गेलेली. त्यामुळे आक्का मला बहीण कमी आणि आई जास्त होती. तिच्या हाताला कायम ओव्याचा वास यायचा, कारण मला पोटदुखी फार आणि ती सारखी ओवा चोळून द्यायची. ती गेल्यावर माझं पोट दुखायचं थांबलं. दुखून काय उपयोग होता?

पहिल्या दिवाळीला ती वाट चढून वर आली, ती धापा टाकत दारातूनच सांगत आली.

"आये, तुज्या लाह्या घावल्या मला! आमी समद्या जणी धारंच्या बुडाला गेलो हुतो. डोक्यावर पडल्या बग. मी पदरात धरल्या."

"खरं सांगतीस?" आईचा चेहरा असा फुलला होता!

"तर काय! आन् हळद तर पाण्यावर पिवळीधम्मक तरंगत आली. आन् तू दिसलीस मला. हिरवं लुगडं नेसली हुतीस न्हवं?"

"व्हय गं बाय, हिरवंच."

आई त्या दिवसापासून शेजारणींना सांगत सुटली, की माझ्या लेकीला मी खालून दिसते. पुढच्या पंचमीला ती कड्याच्या इतक्या टोकाला जाऊन बसली की आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, तिला दरडावून मागे ओढलं. "तिला दिसाया पायजे," एवढंच ती म्हणाली. त्या दिवाळीतही आक्कानं तेच सांगितलं. लाह्या घावल्या, हळद आली, हिरवं लुगडं दिसलं.

तिसऱ्या वर्षी आक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासरी भातलावणीला हात नव्हते. आज पाठवतो, उद्या पाठवतो, करता करता पाऊस आला आणि वाट बंद झाली. भाद्रपदात तिचे दिवस भरणार होते.

आई त्या पावसाळ्यात जेवेनाशी झाली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची आणि घड्या मोडून परत घालायची. ओवा, सुंठ, डिंक, बाळंतशोपा असं सगळं पुरचुंड्या करून एका गाठोड्यात बांधलं आणि ते गाठोडं मधल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. कड्यावरून वाट नसली तरी लांबून एक वाट होती. पौडला चालत जायचं, तिथून पुण्याला, पुण्यावरून आगगाडीनं घाट उतरून खोपोलीला, आणि पुढे मिळेल त्या गाडीनं आणि पायी. तीनचार दिवसांचं काम. आबांना लावणी टाकून जाता येईना, आणि बाळंतपणाला पुरुषाचा उपयोग तरी काय? जायचं तर आईनंच.

पंचमीच्या सकाळी आई आबांना म्हणाली, "आज धारंवर इचारते. लाह्या माघारी आल्या तर पोरगी खुशाल हाय, मी गप ऱ्हाते. न्हाई आल्या तर उद्या उजाडायला निघते."

"आन् ही?" आबांनी माझ्याकडे बोट केलं.

"ऱ्हाईल तुमच्यापाशी. मोटी झालीया आता."

मी तिसरीत होते. मोठी वगैरे काही झाले नव्हते. आई गेली की दिवसभर आबा शेतात आणि मी त्या अंधाऱ्या, ओल्या घरात एकटी. आक्का नाही, आईही नाही, बाहेर पाऊस. किती दिवस? महिना, दोन महिने. माझ्या पोटात कितीतरी दिवसांनी पुन्हा दुखायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. जाताना सुपलीतल्या मूठभर लाह्या काढून परकराच्या ओच्यात बांधल्या आणि वरून इरलं पांघरलं. त्या वेळी माझ्या मनात नक्की काय होतं, ते मला आजही सांगता यायचं नाही. वाटेत खायला घेतल्या, असंही असेल.

त्या दिवशी वारा नव्हता. एवढ्या वर्षांत कधी नव्हे तो वारा नव्हता. कोकणातून धुकं वर आलं होतं आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. पाऊसही थांबला होता. धार सरळ खाली जात होती आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खोलवरून येत होता. तळात लेकी दिलेल्या आणखी दोघी जणी आल्या होत्या. त्यांनी लाह्या टाकल्या, बराच वेळ पदर पसरून वाट बघितली. काही आलं नाही. "यंदा वारंच न्हाई," म्हणत त्या खाली मान घालून निघून गेल्या. आई उठली नाही. हिरवं लुगडं नेसून, अगदी टोकाला, डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. शेवंता, शेवंता.

मी तिच्या मागे उभी होते. मला दिसत होतं, की आता हिनं डोळे उघडले की ही उठणार, घरी जाणार आणि गाठोडं उचलणार. मी ओचा सोडला. एक लाही घेतली आणि तिच्या खांद्यावरून अलगद पुढे टाकली. ती बरोब्बर पदरात पडली.

आईला ती पडलेली कळली. डोळे न उघडता तिनं ती चाचपून घेतली, तोंडात टाकली, चावली. क्षणभर तशीच बसली. मग डोळे उघडून समोरच्या धुक्याकडे बघत म्हणाली,

"खुशाल हाय गं माजी बाय."

आणि माझा हात धरून घरी आली. रस्ताभर तिनं माझा हात सोडला नाही.

आईला बरं वाटावं म्हणून मी ते केलं, असं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला एकटं राहायचं नव्हतं, म्हणून केलं.

दसऱ्यानंतर वाट उघडली. खालून वर पहिला माणूस आला तो आमचा दाजी, आक्काचा नवरा. अंगणात उभा राहिला, आत येईना. आबांनी पाणी दिलं तर तांब्या हातात तसाच धरून राहिला. आईनं विचारलंही नाही. ती आत गेली आणि कोपऱ्यातल्या त्या गाठोड्यावर हात ठेवून बसली. बाळही राहिलं नव्हतं. पुढचं मला आठवत नाही. तो तांब्या तेवढा आठवतो, आणि घरभर पसरलेला ओव्याचा वास.

त्यानंतर आई कड्यावर गेली नाही. आमच्या घरात लाह्या झाल्या नाहीत. दोनतीन वर्षांत आबांनी मला पौडला मावशीकडे शाळेला ठेवलं, पुढे पुण्याला वसतिगृहात. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न झालं, मुलगा झाला. हे सगळं ओळीनं व्हायचं तसं झालं. पण आतून मी त्या कातळावर उभीच राहिले होते. माझ्या नवऱ्यालाही मी हे सांगितलं नाही. तो भला माणूस होता. तो म्हणाला असता, अगं लहान होतीस तू. आणि मला तेच ऐकायचं नव्हतं.

आबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मधे परात, दोघींच्या माना खाली. का कोण जाणे, मी बोलून गेले.

"आई, त्या पंचमीला लाही मी टाकली होती."

तिचा हात थांबला नाही. खडा शोधत होती, तो तिनं शोधून बाजूला ठेवला.

"ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"कोरडी हुती. धारंतनं माघारी येती ती लाही कधी वाजती का? कुरुम वाजली की दाताखाली."

परातीतले तांदूळ दिसेनासे झाले. मी विचारलं, "मग का नाही गेलीस?"

तेव्हा कुठे आई थांबली. बोटं पदराला पुसली.

"भ्या वाटलं, पोरी. पौडाच्या म्होरं मी कधी गेले न्हवते. आगगाडी बगितली न्हवती. एकली बाई, कुटं उतरायचं, कुणाला इचारायचं... मनात म्हनत हुते, देवा, लाही येऊ दे, मला जायला नगं. तू टाकलीस. मला निमित्त घावलं."

मग ती परत खाली बघून निवडायला लागली.

"म्यां खाल्ली ती लाही. तुजा त्यात काय वाटा न्हाई. आता गप ऱ्हा. भात लावायचाय."

म्हणजे वीसएक वर्षं, एकाच माणसासाठी, आम्ही दोघी आपापलं ओझं वेगवेगळं वाहत होतो. सुट्टीत एका घरात राहून, एका ताटात जेवून. आधी बोललो असतो तर हलकं झालं असतं का, मला माहीत नाही. आईचं ओझं कळून माझं काही कमी झालं नाही. फक्त ते एकटं राहिलं नाही. आता आई गेल्यालाही खूप वर्षं झाली आणि ते पुन्हा एकटं झालंय.

"ताई, उतरताय ना?" सायलीनं माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा बस रिकामी झाली होती.

पायथ्याशी सगळे फोटो काढत होते. हसा, सरका, छत्री मिटा. वर बघितलं तर पांढरं पाणी आभाळातून सुटत होतं. मग पाळण्याची वेळ झाली. सायली सगळ्यांना रांगेत लावायला लागली.

"मी खालीच थांबते," मी म्हटलं.

"अहो, वरून काय दिसतं माहितीये? खरी मजा वरूनच आहे!"

"वरून पाहिलाय मी."

बर्वेबाईंना वर जायचंही होतं आणि मला सोडवतही नव्हतं. शेवटी त्यांनी चिवड्याचा पुडा माझ्या हातात कोंबला. "हा सांभाळा. वर वारं असेल. आणि बघत राहा हं, मी कठड्यावरून हात करीन. हा स्कार्फ हलवीन. दिसायला पाहिजे तुम्हाला."

दिसायला पाहिजे. मी मान डोलावली.

ते गेले आणि मी एकटी राहिले. हळूहळू चालत, दगडांवरून, जिथवर जाऊ देतात तिथवर गेले. आणि तिथे उभी राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मी जन्मात कधी धारेच्या बुडाशी उभी राहिले नव्हते. आमची धार मी वरूनच पाहिली. उन्हाळ्यात खाली उतरायची वाट होती तेव्हा ती आटलेली असायची. पाऊस पडत असताना ती खालून कशी दिसते, हे एकट्या आक्काला माहीत होतं. तिनं सांगितलं तेवढंच आम्हाला ठाऊक.

मी वर बघितलं. पाणी कड्यावरून निघताना पाणी होतं. अर्ध्यावर येईतो ते फुटून धूर होत होतं, आणि खाली माझ्यापर्यंत पोचत होता तो नुसता ओला वारा. एवढ्या उंचीवरून हळद काय उतरेल? चिमूटभर कुंकू कुठे उरेल? लाही तर अर्ध्या वाटेतच भिजून, चिरडून, कुठल्या कुठे गेली असेल. मी साडीचा पदर रेनकोटमधून बाहेर ओढला आणि वेड्यासारखा पसरून उभी राहिले. दहा मिनिटं. काही पडलं नाही. पदर जड झाला फक्त.

मग कठडा शोधला. माथ्यावर माणसं असणार, बर्वेबाई स्कार्फ हलवत असणार. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. कठडा दिसत नव्हता. माणूस दिसत नव्हतं. रंग तर नाहीच नाही. कातळाची कड, ढग आणि डोळ्यांत जाणारं पाणी.

आक्का, म्हणजे तुला काहीच मिळालं नव्हतं गं. लाही नाही, हळद नाही, काही नाही. आई तुला कधी दिसलीच नव्हती. आईकडे सणाचं लुगडं एकच होतं, ते हिरवं होतं, हे तुला इथे उभी राहून बघायची गरजच नव्हती. सोळा वर्षांची पोर, सासरच्या गावात, भर पावसात या धुराकडे तोंड करून पदर पसरून उभी राहिलीस, रिकाम्या हातानं घरी गेलीस, आणि दिवाळीला वाट चढून येऊन आमच्या आईला एवढं सगळं दिलंस. आमच्या घरात खोटं बोलायला मी सुरुवात केली, असं मी जन्मभर समजत होते. तू माझ्या आधी बोललीस. फक्त तू दुसऱ्यासाठी बोललीस.

मी तिथेच रडले. त्या आवाजात कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता आणि चेहरा आधीच ओला होता.

मग मी पुड्याचं रबर काढलं. एक लाही घेऊन तळहातावर ठेवली आणि हात पुढे धरला. फवारा येत होता, जात होता. ती हळदीनं पिवळी झालेली लाही बघता बघता मऊ पडली, हाताला चिकटली. मी डोळे मिटले आणि ती तोंडात टाकली. साठ वर्षांहून जास्त काळानंतरची पहिली. खारट होती. दाताखाली काही वाजलं नाही.

पाऊण तासानं मंडळी खाली आली. बर्वेबाई सगळ्यांच्या पुढे. स्कार्फ भिजून मानेला चिकटलेला, गाल थंडीनं लाल, लहान पोरीसारख्या जवळजवळ पळत आल्या.

"मी केवढा हात केला! केवढा वेळ! सायली ओरडली मला, एवढं वाकू नका म्हणून. दिसले का हो मी?"

"दिसलात की," मी म्हटलं. "गुलाबी स्कार्फ चांगला दिसला."

"खरं सांगता?"

"तर काय!"

त्यांचा चेहरा जो फुलला, तो चेहरा मी ओळखत होते. बसमध्ये चढताना त्या सगळ्यांना सांगत होत्या, की यांना खालून मी दिसले. मी खिडकीशी जाऊन बसले. त्यांनी पुडा पुढे केला आणि या वेळी मी हात पुढे केला.